सौंदर्यासाठी मेदरोपण : काही सावध विचार

मलाजखंडसारख्या खाणीच्या गावात ‘फॅट एम्बोलिझम’ म्हटले की डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे मोडलेले मांडीचे हाड येते. हाडातील मज्जेचा मेद रक्तात शिरतो, एक-दोन दिवसांत रुग्णाला धाप लागते, तो असंबद्ध बोलू लागतो, छातीवर व काखेत बारीक लाल ठिपके उमटतात. झेंकर या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १८६२ मध्ये माणसाच्या फुप्फुसात असा मेद प्रथम दाखविला, तोही चिरडून मरण पावलेल्या एका रेल्वे कामगाराच्या. आम्हा बालरोगतज्ज्ञांना हा शत्रू आणखी एका वाटेने भेटतो. सिकलसेलच्या रुग्णात मज्जा मृत झाली की तिच्यातील मेदही फुप्फुसाकडेच धाव घेतो.

आता हेच संकट धडधाकट तरुण माणसे पदरचे पैसे मोजून ओढवून घेऊ शकतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

पोट किंवा मांड्यांवरील चरबी नळीने शोषून, स्वच्छ करून ती चेहरा, स्तन वा नितंबांत टोचणे म्हणजे मेदरोपण. ‘स्वतःचीच चरबी, तिचा काय अपाय?’ हा प्रश्न सुशिक्षित घरांतूनही ऐकू येतो. कल्पना नवी नाही. नॉयबर या जर्मन शल्यविशारदाने १८९३ मध्ये दंडातील मेद चेहऱ्यावरील खोलगट व्रणात भरला होता. त्याच्याही शंभर वर्षे आधी, टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक पुण्याच्या एका कारागीर वैद्याने कपाळाच्या कातडीतून घडविले होते. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ती हकीकत छापली. मात्र त्या वैद्याने कातडीचा एक पट्टा भुवयांमध्ये जोडलेला ठेवला होता, त्यामुळे तिचा रक्तपुरवठा टिकला. टोचलेल्या मेदाला असा आधार नसतो. आजूबाजूच्या ऊतींतून रक्त मिळाले तर तो जगतो, नाहीतर काही भाग विरघळून जातो, काहींच्या तेलकट गाठी होतात, काही ठिकाणी चुना साचतो. स्तनात साचलेला असा चुना पुढे मॅमोग्राफीत कर्करोगाचा संशयही उभा करतो.

मेद जगावा म्हणून तो रक्ताने समृद्ध अशा स्नायूत टोचण्याचा मोह शल्यविशारदांना झाला. घात झाला तो इथेच. नितंबाच्या स्नायूंत व त्यांच्या खाली मोठ्या शिरा असतात. नळीने त्यांपैकी एखादी फाटली की दाबाखालचा मेद थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात आणि तेथून फुप्फुसात जातो. हाड मोडल्यावर मिळणारी एक-दोन दिवसांची सवलत येथे नसते. काही मिनिटांतच टेबलावर रक्तदाब कोसळतो, आणि यावर उतारा असे औषध नाही. २०१७ मध्ये सौंदर्यशल्यविशारदांच्या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणात नितंबाच्या मेदरोपणातील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३००० मध्ये १ आढळले. निव्वळ रूपासाठीच्या शस्त्रक्रियेला हे प्रमाण भयंकरच म्हटले पाहिजे. २०१८ मध्ये अनेक संघटनांनी एकत्र येऊन मेद फक्त त्वचेखाली टोचावा, स्नायूत कदापि नाही, असे बजावले. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने २०१९ मध्ये स्नायूत टोचण्यास बंदीच घातली. चेहऱ्यावरचे रोपण त्यामानाने किरकोळ वाटते. पण भुवयांमध्ये टोचलेला मेद धमनीत शिरून डोळ्यापर्यंत पोहोचला तर दृष्टी कायमची जाऊ शकते.

चरबी काढण्याची पायरीही निर्धोक नव्हे. मे २०२२ मध्ये बंगळुरूत चेतना राज ही अवघ्या २१ वर्षांची कन्नड अभिनेत्री मेद काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दगावली. या शस्त्रक्रियेत त्वचेखाली सोडलेल्या लिग्नोकेनची रक्तातील पातळी कित्येक तासांनी, बहुधा रुग्ण घरी गेल्यावर, शिखर गाठते. आपल्या भागातील रुग्ण नागपूर-रायपूरला शस्त्रक्रिया करवून लांबचा प्रवास करून परततो, आणि धाप, पायाची सूज, फळीसारखे कडक पोट किंवा त्वचेवरील काळपट फोड यांपैकी काही उद्भवले तर दार आपलेच वाजते. अशा वेळी ‘शस्त्रक्रियेनंतर थोडे दुखणारच’ असे म्हणून परत पाठवू नये.

माझ्याकडे लग्न ठरलेल्या मुलींच्या आया वजनाविषयी विचारताना हल्ली दबक्या आवाजात हाही विषय काढतात. बालाघाट जिल्ह्यात सिकलसेल पुष्कळ आहे, तेव्हा भुलीच्या कोणत्याही ऐच्छिक शस्त्रक्रियेपूर्वी ती तपासणी झालीच पाहिजे, हे मी प्रथम सांगतो. मग विचारायला सांगतो : प्लास्टिक सर्जरीची पदवी आहे ना, भूलतज्ज्ञ स्वतंत्र आहे ना, अतिदक्षता कक्ष त्याच इमारतीत आहे का, मेद त्वचेखाली जाणार की स्नायूत. अठरा वर्षांखालील मुलामुलींना केवळ हौसेसाठी हे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भाजल्याचे व्रण किंवा अर्ध्या चेहऱ्याचा मेद झिजविणारा विकार यांची गोष्ट निराळी; तेथे मेदरोपण हे खरोखर वरदान ठरते.

मोठ्या शहरांतील व्यवसायबंधूंना एक विनंती. परत पाठविताना रुग्णाच्या कार्डावर किती लिटर मेद काढला, कोठे किती टोचला, लिग्नोकेनची एकूण मात्रा किती आणि रात्री उचलला जाईल असा एक दूरध्वनी क्रमांक एवढे अवश्य लिहावे.