लॅपटॉप बंद पडला, तरी डेटा जागेवर असतो

१९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतीय वेळेनुसार सकाळी पावणेदहाच्या सुमारास जगभरातले विंडोज संगणक एकामागून एक निळ्या पडद्यावर अडकू लागले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक अपडेट सदोष निघालं होतं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख यंत्रं त्यात सापडली. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. यंत्रं सुरूच होत नव्हती, पण त्यांच्यातला डेटा होता तिथेच होता. सेफ मोडमध्ये जाऊन अपडेटची सदोष फाइल काढून टाकली, की बहुतेक यंत्रं पूर्ववत चालू होत होती.

लॅपटॉप सुरू न होणं आणि डेटा जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही पडदा काळा पडला की आपला धीर सुटतो. वकिलाचे मसुदे, दुकानाचे हिशेब, अर्धवट राहिलेला प्रबंध, घरातल्या लग्नाचे फोटो, सगळं गेलंच असं वाटायला लागतं. त्या घाबरलेल्या तासाभरात कुणीतरी फॉरमॅट मारतं, कुणी आजारी डिस्क दहा वेळा चालू-बंद करतं, आणि तोवर शाबूत असलेला डेटा खरोखरच जातो. म्हणून एकच नियम धरून ठेवा: आधी डेटा, मग दुरुस्ती. या नियमाच्या आड येणारे गैरसमज एकेक करून पाहू.

गैरसमज १: लॅपटॉप सुरू होत नाही, म्हणजे हार्ड डिस्क गेली.

वस्तुस्थिती: चार्जर, बॅटरी, रॅम, स्क्रीन, मदरबोर्ड किंवा खुद्द विंडोज, यांपैकी कशानंही लॅपटॉप अडू शकतो. यातल्या बहुतेक बिघाडांशी डिस्कचा संबंध नसतो. पंख्याचा आवाज येतोय, कीबोर्डचा दिवा लागतोय, पण पडदा काळाच आहे? मग एचडीएमआय केबलनं लॅपटॉप घरातल्या टीव्हीला जोडून पाहा. टीव्हीवर चित्र आलं तर बिघाड स्क्रीनचा आहे, आणि फाइली तिथूनच कॉपी करून घेता येतील. अजिबातच जीव नसेल तर चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि पुन्हा चार्जर लावून पाहा.

कंपनीचा लोगो दिसतो पण पुढे सरकत नाही, अशा वेळी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर जाऊन डिस्कचं नाव दिसतंय का ते बघा. नाव दिसलं तर डिस्क निदान जिवंत आहे आणि दोष बहुधा विंडोजमध्ये आहे. नाव दिसत नसेल तर डिस्क, तिची जोडणी किंवा मदरबोर्ड यांच्यावर संशय घ्यावा. पुढची वाट या एका तपासणीवर ठरते.

गैरसमज २: फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकू, डेटा नंतर काढता येतो.

वस्तुस्थिती: हा सर्वांत महागात पडणारा समज आहे आणि तो जुन्या अनुभवातून आला आहे. फिरत्या हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅट करणं म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडण्यासारखं असतं. पानं तशीच राहतात, म्हणून रिकव्हरी सॉफ्टवेअरला बरंच काही सापडतं. पण त्याच डिस्कवर नवीन विंडोज टाकलं की कित्येक जीबी नवा मजकूर जुन्या पानांवर उमटतो. त्याखाली गेलेलं परत येत नाही. पूर्ण फॉरमॅट केला तर विंडोज व्हिस्टापासून सगळ्या जागेवर शून्यं लिहिली जातात, तिथे आशाच उरत नाही.

आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडी असते आणि तिथे गोष्ट आणखी कठीण होते. २००९ च्या विंडोज ७ पासून ट्रिम नावाची आज्ञा वापरात आहे. फाइल पुसली किंवा ड्राइव्ह फॉरमॅट केला, की विंडोज एसएसडीला कळवतं की अमुक जागा आता रिकामी धरावी. मग एसएसडी सवडीनं ती जागा खरोखर साफ करते. त्यानंतर कितीही महागडं सॉफ्टवेअर आणलं तरी हाती काही लागत नाही.

विंडोजच्या ‘रीसेट’मध्ये ‘माझ्या फाइली ठेवा’ असा पर्याय असतो, पण त्यावरही आंधळा भरवसा नको. त्यात तुमची सॉफ्टवेअर जातात, आणि डिस्क आजारी असेल तर रीसेट मध्येच अडकू शकतो. तेही बटण डेटा बाहेर काढल्यावरच दाबा.

गैरसमज ३: विंडोज उघडत नसेल तर फाइलींपर्यंत पोचताच येत नाही.

वस्तुस्थिती: तीन वाटा आहेत.

पहिल्या वाटेला काहीच खर्च नाही. विंडोज लागोपाठ दोन-तीनदा सुरू होऊ शकलं नाही, तर दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. तिथे ट्रबलशूट, मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग कमांड प्रॉम्प्ट असं जा. काळ्या खिडकीत नोटपॅड हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. नोटपॅड उघडला की फाइल मेनूतून ‘ओपन’ निवडा आणि खालच्या यादीत ‘ऑल फाइल्स’ करा. आता ही छोटी खिडकीच तुमचा फाइल एक्स्प्लोरर झाली. ‘युजर्स’ फोल्डरमध्ये तुमच्या नावाचा फोल्डर शोधा, त्यावर राइट क्लिक करून कॉपी करा आणि बाहेरून जोडलेल्या डिस्कवर पेस्ट करा. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, नेहमीचा सी ड्राइव्ह डी म्हणून दिसला तर गोंधळू नका. कॉपी किती झाली हे दाखवणारी पट्टीही इथे दिसत नाही. खिडकी गोठल्यासारखी वाटली तरी थांबून राहा.

दुसरी वाट लिनक्सची. दुसऱ्या संगणकावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू फुकट उतरवून घ्या आणि रूफससारख्या साधनानं पेनड्राइव्हवर चढवा. मिंटला ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, मात्र त्यातलं आधीचं सगळं पुसलं जातं. मग बंद पडलेला लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. बूट मेनूसाठी डेल, लेनोव्हो आणि एसरवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९ आणि असूसवर एस्केप दाबावं लागतं. ‘इन्स्टॉल’ला हात न लावता लिनक्स नुसतं चालवून पाहा. विंडोजच्या फाइली तिथे दिसतात आणि कॉपी होतात.

मदरबोर्डच गेला असेल तर तिसरी वाट. डिस्क बाहेर काढून यूएसबी केसिंगमध्ये घाला आणि दुसऱ्या लॅपटॉपला पेनड्राइव्हसारखी जोडा. अडीच इंची डिस्क असेल तर साटा केसिंग लागतं. च्युइंगगमच्या पट्टीएवढी एम.२ एसएसडी असेल, तर ती साटा आहे की एनव्हीएमई हे लेबलवर वाचून मगच केसिंग घ्या.

ही तिसरी वाट सगळीकडे नसते. स्वस्त लॅपटॉपमधली ईएमएमसी मेमरी बोर्डावरच सोल्डर केलेली असते. अॅपलच्या २०२० पासूनच्या एम मालिकेच्या मॅकबुकमध्येही स्टोरेज बोर्डावरच असतं आणि त्याचं एनक्रिप्शन त्या चिपशी बांधलेलं असतं. तिथे डेटा हवा तर बोर्डच जिवंत करावा लागतो. मॅक निदान रिकव्हरीपर्यंत पोचत असेल, तर त्यातल्या ‘शेअर डिस्क’नं दुसऱ्या मॅकवर फाइली घेता येतात.

गैरसमज ४: पासवर्ड पाठ आहे, म्हणजे डेटा कुठेही उघडेल.

वस्तुस्थिती: इथे दोन वेगळी कुलपं आहेत. विंडोजचा लॉगिन पासवर्ड फक्त विंडोजच्या दारात उभा असतो. डिस्क काढून दुसरीकडे लावली तर तो विचारलाही जात नाही. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एनक्रिप्शन चालू असेल, तर मात्र डिस्कवरचं अक्षर न् अक्षर सांकेतिक असतं. डिस्क दुसऱ्या यंत्राला लावली, की ४८ अंकी रिकव्हरी-की मागितली जाते. लॉगिनचा पासवर्ड किंवा पिन तिथे चालत नाही.

‘मी तर असलं काही चालू केलंच नाही,’ असं अनेकजण सांगतात आणि ते खरंही असतं. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या आवृत्तीपासून, नवीन यंत्रावर मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं सुरुवात केली, की हे एनक्रिप्शन आपोआप चालू होतं. ती की त्याच अकाउंटमध्ये साठवलेली असते. मोबाइलवरून लॉगिन करून ‘डिव्हाइसेस’मध्ये बघा. लॅपटॉप ऑफिसचा किंवा कॉलेजचा असेल तर तिथल्या आयटी विभागाकडे विचारा. पण ती की कुठेच जपलेली नसेल, तर मायक्रोसॉफ्टही डेटा उघडून देऊ शकत नाही. क्राउडस्ट्राइकच्या दिवशीही साध्या दुरुस्तीला ठिकठिकाणी वेळ लागला, तो या की शोधण्यात.

गैरसमज ५: डिस्क टकटक करतेय, चेकडिस्क चालवा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा.

वस्तुस्थिती: लॅपटॉपच्या हार्ड डिस्कची तबकडी साधारणपणे मिनिटाला ५४०० वेळा, म्हणजे सेकंदाला ९० वेळा फिरते. वाचणारं हेड तिच्यापासून केवळ काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. टकटक किंवा खरखर ऐकू येते तेव्हा बहुधा हे हेड आपली जागा चुकत असतं किंवा तबकडीला घासत असतं. मग प्रत्येक ‘पुन्हा एकदा लावून बघू’ डेटाचा थर खरवडून काढतो. हा आवाज आला की वीज तोडा. अशी डिस्क धूळमुक्त कक्षात उघडणाऱ्या तज्ज्ञांकडेच द्यायची असते, घरातल्या टेबलावर उघडायची नसते. फ्रीजमध्ये ठेवलेली डिस्क बाहेर आली, की दमट हवेत तिच्यावर पाणी धरतं, आणि ते तबकडीपर्यंत गेलं तर उरलासुरला डेटाही जातो. असाच दुसरा घरगुती उपाय तांदळाचा: चहा किंवा पाणी सांडलेला लॅपटॉप तांदळात पुरल्यानं आतलं पाणी निघत नाही. चार्जर काढा, बॅटरी सुटी होत असेल तर तीही काढा, चालू करून पाहू नका आणि तसाच तंत्रज्ञाकडे न्या.

आवाज नाही, पण डिस्क फार मंद झाली आहे किंवा काही फाइली वाचल्या जात नाहीत, अशा वेळी विंडोजचं चेकडिस्क हे दुरुस्तीचं साधन घाई करतं. ते फाइल सिस्टिम जुळवण्यासाठी आजारी डिस्कवरच लिहितं आणि त्यात फाइलींची नावं, जागा हरवू शकतात. जाणकार आधी डिस्कची हुबेहूब प्रत काढतात. डीडीरेस्क्यू हे फुकट साधन पहिल्या फेरीत सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि अडणारे भाग बाजूला ठेवून शेवटी त्यांच्याकडे वळतं. पुढची सगळी खटपट त्या प्रतीवर होते. रिक्युव्हा किंवा फोटोरेकसारखं सॉफ्टवेअरही ज्या डिस्कवरून डेटा काढायचाय तिच्यावर टाकू नये, आणि सापडलेल्या फाइलीही तिच्यावर ठेवू नयेत.

गैरसमज ६: डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स कॉपी केले, काम झालं.

वस्तुस्थिती: दुकानदाराचे प्राण टॅलीत असतात आणि टॅलीचा डेटा फोल्डर अनेकदा या दोन्हींच्या बाहेर असतो. आउटलुकची मेल फाइलही सहज नजरेआड राहते. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड विंडोजच्या त्या खात्याशी बांधलेले असतात, नुसता फोल्डर उचलून ते दुसरीकडे उघडत नाहीत. त्यासाठी गूगल अकाउंटचं सिंक आधीपासून चालू असावं लागतं.

मराठीत डीटीपी करणाऱ्यांनी फॉन्टचा फोल्डर कधीच विसरू नये. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या फाइली दुसऱ्या संगणकावर उघडतात, पण तो नेमका फॉन्ट नसेल तर ओळीच्या ओळी अर्थहीन रोमन अक्षरं होऊन समोर येतात. लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत वर्षानुवर्षांचं काम अशा फाइलींत साठलेलं आहे. विंडोज फोल्डरमधला ‘फॉन्ट्स’ फोल्डर सोबत घ्या.

गैरसमज ७: वॉरंटी आहे, कंपनी बघून घेईल.

वस्तुस्थिती: वॉरंटी यंत्राची असते, डेटाची नसते. सर्व्हिस सेंटर डिस्क बदलून देतं, जुनी डिस्क कंपनीकडे परत जाते, आणि दुरुस्तीसाठी डिस्क पुसावी लागली तर तेही अटींमध्ये लिहिलेलं असतं. म्हणून लॅपटॉप हातातून सोडण्याआधी जॉबशीटवर स्पष्ट लिहून घ्या: ‘डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.’ रिकव्हरी करणाऱ्याकडून पैसे देण्याआधी सापडलेल्या फाइलींची यादी मागा आणि दोन-चार फाइली उघडून दाखवायला सांगा. फाइलींच्या नुसत्या नावांवरून त्या शाबूत आहेत असं ठरत नाही.

गैरसमज ८: डेटा डी ड्राइव्हवर आहे, म्हणजे बॅकअप आहेच.

वस्तुस्थिती: एकच डिस्क असलेल्या लॅपटॉपमध्ये सी आणि डी हे तिचेच दोन कप्पे असतात. डिस्क गेली की दोन्ही एकदमच जातात. विंडोज नव्यानं टाकताना डी वाचतो, एवढाच त्याचा उपयोग. क्लाउडचं सिंकही पुरेसं नाही. लॅपटॉपवर पुसलेली फाइल तिथूनही पुसली जाते, आणि गूगल ड्राइव्हच्या किंवा वैयक्तिक वनड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवसच राहते. तरी लॅपटॉप बंद पडल्यावर मोबाइलवरून वनड्राइव्ह जरूर उघडून पाहा. डेस्कटॉपचा बॅकअप तिथे नकळत चालू असण्याची शक्यता असते, फुकट जागा मात्र ५ जीबीच.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम आजही सगळ्यांत भरवशाचा आहे: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर. लॅपटॉपमधली मूळ प्रत, कपाटातली बाहेरची डिस्क आणि क्लाउड, एवढ्यात तो पूर्ण होतो.

लॅपटॉप धडधाकट आहे तोवर दोन कामं आजच करा. बिटलॉकरची रिकव्हरी-की शोधून कागदावर उतरवा आणि महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवा. बाहेरची डिस्क जोडून सगळा डेटा कॉपी करा, त्यातली एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून खात्री करा आणि डिस्क काढून ठेवा. एवढं झालं असेल, तर उद्या पडदा काळा पडला तरी प्रश्न फक्त दुरुस्तीच्या खर्चाचा उरेल.