बिनतारी जाळ्याचा पाया तारेतच

पुण्याच्या कर्वेनगरात जुन्या बंगल्यांच्या आणि तीन-चार मजली सोसायट्यांच्या जागी पुनर्विकासाच्या इमारती उभ्या राहत असताना नळ, सांडपाण्याचे पाइप आणि विजेचे पॉइंट यांच्या जागा नकाशावर काटेकोरपणे ठरवल्या जातात. मात्र मुलांचा अभ्यास आणि मोठ्यांचे कार्यालयीन काम ज्यावर चालणार, त्या वाय-फायचा विचार बहुधा राहायला गेल्यावर, आतल्या खोलीत इंटरनेट पोहोचत नाही असे आढळल्यावरच सुरू होतो. तोवर भिंती उभ्या राहिलेल्या असतात आणि अडचणीचे मूळ नेमके त्या भिंतींतच असते.

वाय-फाय रेडिओलहरींवर चालते. त्यातील २.४ गीगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २४० कोटी आंदोलने असलेल्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वीत असते, तर ५ गीगाहर्ट्झच्या लहरीची सुमारे ६ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम तीन बोटे. भारतात या ५ गीगाहर्ट्झच्या कंप्रता-पट्ट्याचा मोठा भाग २०१८ साली परवानामुक्त झाला. तो अधिक वेग देतो, पण त्याच्या लहरी भिंतीतून जाताना अधिक क्षीण होतात.

ही घट डेसिबल या एककात मोजतात. ३ डेसिबल घट म्हणजे शक्ती निम्मी होणे आणि १० डेसिबल घट म्हणजे ती एक दशांश उरणे. राउटरने १०० मिलिवॅट शक्तीने सोडलेल्या लहरीचा केवळ ५० कोटींवा भाग फोनपर्यंत पोहोचला, तरी व्हिडिओ कॉल सुरळीत चालतो. ही घट ८७ डेसिबलची झाली. मात्र ५ गीगाहर्ट्झच्या लहरीचे सुमारे ६७ डेसिबल मोकळ्या हवेतील पहिल्या १० मीटरमध्येच खर्ची पडतात आणि भिंतींसाठी शिल्लक राहतात अवघे २०. विटांची भिंत त्यातला काही भाग घेते, पण आरसीसी स्लॅबमधील सळया लहरी परतवतात, काँक्रीटमधील ओलावा त्या शोषतो आणि एकच स्लॅब सगळी शिल्लक संपवू शकतो. ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, बांधकामावर ‘मायवान’ म्हणतात त्या पद्धतीच्या इमारतीत तर भिंतीही काँक्रीटच्याच असतात. शिवाय फोनची प्रक्षेपणशक्ती सहसा राउटरपेक्षा कमी असल्यामुळे केवळ अधिक शक्तीचा राउटर आणून प्रश्न सुटत नाही, कारण संवाद दुतर्फा असावा लागतो.

रिपीटर, म्हणजे लहर झेलून पुन्हा सोडणारे उपकरण, हा उपायही अपुरा ठरतो. ऐकणे आणि बोलणे सहसा एकाच वाहिनीवर आळीपाळीने करावे लागल्याने त्यातून मिळणारा वेग निम्म्यावर येतो. दाट वस्तीत शेजाऱ्यांच्या राउटरांचीही गर्दी असते आणि २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात परस्परांवर न चढणाऱ्या, नित्य वापरातल्या वाहिन्या १, ६ आणि ११ अशा तीनच आहेत.

खात्रीचा मार्ग म्हणजे बंगल्याच्या प्रत्येक मजल्यावर, आणि मोठ्या सदनिकेत दोन टोकांना, स्वतंत्र ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तारेने आलेली माहिती लहरींवाटे खोलीत पसरवणारे छोटे उपकरण, बसवणे. त्याला जोडणारी कॅट-६ ही तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला एक गीगाबिट वेग देते आणि योग्य उपकरणे असल्यास तिच्यातूनच वीजही पोहोचते. तिची वेळ मात्र ठरलेली आहे: सळया बांधून झाल्यावर आणि काँक्रीट पडण्यापूर्वी इलेक्ट्रिशियन पंख्यांसाठी पाइप टाकतो, तेव्हाच छतावरील नियोजित जागेपर्यंत एक वेगळा पाइप टाकून घ्यावा, वळणे मोठ्या गोलाईची ठेवावीत आणि आत ओढतार सोडून ठेवावी. ही केबल २३० व्होल्टच्या वायरींसोबत एकाच पाइपमध्ये घालू नये. तसेच ॲक्सेस पॉइंट लोखंडी कपाट, मोठा आरसा किंवा पाण्याची टाकी यांच्या आड येणार नाही, हे नकाशावरच तपासावे.

गिलावा आणि रंग झाल्यावर हेच काम करायचे, तर भिंतीला झिरी मारावी लागते किंवा उघड्या केबली मिरवाव्या लागतात. म्हणून घर बांधणाऱ्याने विद्युत नकाशात आणि सोसायट्यांनी पुनर्विकासाच्या करारात या पाइपांची स्पष्ट नोंद करून घ्यावी, आणि स्लॅब पडण्याच्या आदल्या दिवशी ते जागेवर आहेत ना, हे स्वतः जाऊन पाहावे.