मॉन्टरेची गाड्यांची जत्रा: महाग काय, फुकट काय

ऑगस्टच्या मध्यावरचा रविवार. अजून उजाडायचं आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, पेबल बीचच्या गोल्फ मैदानात धुकं इतकं दाट की समुद्र नुसता ऐकू येतो. त्या धुक्यातून आधी धडधड येते, मग पिवळट दिव्यांची जोडी, आणि मग गवताला धक्का लागू नये अशा बेताने नव्वदीतली एखादी मोटार हिरवळीवर चढते. दोन्ही अंगांना कानटोप्या घातलेली, कॉफीचे कागदी पेले धरलेली माणसं उभी असतात. या पहाटवेड्यांना तिथे ‘डॉन पट्रोल’ म्हणतात. दहा वाजता येणाऱ्यांना याच गाड्या रांगेत लावलेल्या, गप्प उभ्या दिसतात. तिकीट दोघांचं सारखंच.

मोटारींच्या सौंदर्याची ही स्पर्धा, म्हणजे पेबल बीचचं ‘कॉन्कूर’, १९५० पासून भरते. मैदानावर दोनशेच्या आसपास गाड्या असतात आणि साध्या प्रवेशाचं तिकीट अलीकडच्या वर्षांत चारशे डॉलरच्या पुढे गेलं आहे. सॅन होजे, सनीव्हेलकडच्या मराठी घरांपासून हे ठिकाण गाडीने दीड-दोन तासांवर. पण चौघांच्या तिकिटांचा हिशेब मनात मांडला की बेत तिथेच बारगळणार. हिशेब बरोबर असतो, फक्त तो एकाच दिवसाचा असतो. रविवारचं कॉन्कूर हा जत्रेचा शेवटचा दिवस. त्याआधी मॉन्टरे द्वीपकल्पावर आठवडाभर गाड्यांचीच गर्दी असते, आणि त्या आठवड्याबद्दलचे बहुतेक गैरसमज या रविवारच्या तिकिटावरूनच तयार झालेले आहेत.

‘पैसे मोजल्याशिवाय काही दिसत नाही’

मैदानावर रविवारी उभ्या राहणाऱ्या बऱ्याचशा गाड्या गुरुवारी सार्वजनिक रस्त्यावर धावतात. ‘टूर’ नावाची ही शंभरेक किलोमीटरची फेरी असते. बिग सरकडचा किनारी रस्ता दरडींमुळे बंद नसेल, तर गाड्या त्या वाटेने जाऊन येतात. रस्त्याकडेला उभं राहून बघायला कोणी पैसे मागत नाही. मंगळवारी कार्मेल गावच्या मुख्य रस्त्यावर गाड्या मांडतात, तेही फुकट. बुधवारी शेजारच्या पॅसिफिक ग्रोव्हमध्ये फक्त लहान गाड्यांचं प्रदर्शन असतं. मुंबईची पद्मिनी टॅक्सी ज्या फियाट ११०० वरून आली, तिचं इंजिन १०८९ सीसीचं. असल्या जातकुळीच्या मोटारींना रविवारच्या हिरवळीवर कोण विचारतो? बुधवारी मात्र त्यांचाच मान.

शनिवारची गंमत सगळ्यांत न्यारी. सीसाइड या गावाच्या नगरपालिकेसमोर ‘कॉन्कूर द’लेमन्स’ भरतं. इंग्रजीत गळक्या, रडक्या, विकत घेऊन फसलेल्या गाडीला लिंबू म्हणतात. अशा लिंबांचीच ही स्पर्धा. २००९ साली पेबल बीचच्या थाटाची टिंगल म्हणून ती सुरू झाली आणि आता आठवड्याचा ठरलेला भाग झाली आहे. गंज चढलेली अमेरिकन धुडं, कंपनी बुडवणारी फसलेली मॉडेलं, कोणीतरी घरामागे वेल्डिंग करून जोडलेले विचित्र प्राणी, सगळे एका ओळीत. परीक्षकांना उघडपणे लाच द्यायची असते आणि परीक्षकही ती उघडपणे खातात. बक्षिसं जुन्या बाजारातून उचललेली. सर्वोत्कृष्टाऐवजी इथे ‘वर्स्ट ऑफ शो’ निवडतात. बघायला तिकीट नाही. मोटारींच्या इतिहासाबद्दल इथे जे कळतं, ते रविवारी कळत नाही, कारण हिरवळीवर फक्त यशस्वी झालेल्या कल्पना उभ्या असतात.

दुसरं टोक म्हणजे शुक्रवारचं ‘द क्वेल’. २००३ पासून चाललेल्या या सोहळ्याची तिकिटं मोजकी असतात, सोडतीत नाव निघालं तर मिळतात आणि किंमत हजार डॉलरच्या वर जाते. त्यात दिवसभराचं खाणंपिणं येतं. ज्याला गाड्यांइतकीच खाण्याची हौस आहे, त्याला ते महाग वाटत नसावं.

‘तिकीट परवडलं की झालं’

हा गैरसमज उलट्या बाजूचा, आणि खिशाला अधिक चटका देणारा. खरा खर्च डोकं टेकायच्या जागेचा आहे. त्या आठवड्यात मॉन्टरे-कार्मेलच्या खोल्यांचे दर नेहमीच्या कितीतरी पट होतात आणि अनेक हॉटेलं एका रात्रीसाठी खोली देतच नाहीत, सलग तीन-चार रात्री घ्याव्या लागतात. फुकट प्रदर्शन बघायला आलेला माणूस हॉटेलचं बिल बघतो तेव्हा त्याला चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण नव्याने समजते. जाणकार लोक पंचवीस-तीस किलोमीटर आत सॅलिनासला मुक्काम करतात. सॅन होजेकडचे तर पहाटे निघून रात्री घरी परततात.

त्यातही एक मेख आहे. द्वीपकल्पात शिरायचे मोठे रस्ते दोनच, किनाऱ्याचा हायवे १ आणि सॅलिनासकडून येणारा ६८. दोन्ही त्या दिवसांत तुंबतात. नकाशावर वीस मिनिटं दाखवणाऱ्या अंतराला तास-सव्वा तास लागू शकतो. एका दिवसात तीन ठिकाणं करायचा बेत म्हणजे जुन्या गाड्यांऐवजी पुढच्या नव्या टेस्लाची पाठ बघत बसणं. एक दिवस, एक ठिकाण, हाच हिशेब चालतो.

आणि स्वेटर. कॅलिफोर्नियाचा ऑगस्ट म्हणून अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून आलेली मंडळी दहा वाजेपर्यंत कुडकुडत असतात. तिथलं धुकं उन्हाळ्यातच सर्वांत चिवट असतं.

‘या नुसत्या शोभेच्या बाहुल्या’

गाडी ट्रकमधून आणायची, पुसायची, ट्रकमधून परत न्यायची, असं चित्र अनेकांच्या डोक्यात असतं. गुरुवारची फेरी १९९८ मध्ये सुरू झाली ती नेमकी या आरोपाला उत्तर म्हणून. तिच्यामागे एक नियमही आहे. एकाच वर्गातल्या दोन गाड्यांचे गुण सारखे पडले, तर जिने फेरी पुरी केली तिला झुकतं माप. त्यामुळे कोट्यवधींची मोटार चढावर तापते, कडेला थांबते, मालक बाही सरसावून बॉनेट उघडतो. बघणाऱ्याच्या दृष्टीने ही पर्वणीच.

मुळात पेबल बीचला गाड्यांचं प्रदर्शन आलंच शर्यतीच्या पाठीवर बसून. १९५० साली तिथल्या जंगलातल्या रस्त्यांवर मोटारशर्यत ठरली आणि तिला जोड म्हणून प्रदर्शन मांडलं. पहिली शर्यत फिल हिल नावाच्या तरुणाने जॅग्वारमधून जिंकली. रस्ता अरुंद, कडेला झाडं. १९५६ मध्ये एर्नी मॅकाफी हा चालक झाडावर आदळून मरण पावला आणि जंगलातली शर्यत बंद झाली. पुढच्याच वर्षी जवळच्या टेकड्यांत लगुना सेकाचा ट्रॅक उघडला. आज कॉन्कूरच्या आठवड्यात तिथे जुन्या शर्यतीच्या गाड्या खरोखरच्या वेगाने पळवतात; हा मेळा १९७४ पासूनचा. ट्रॅकवर ‘कॉर्कस्क्रू’ नावाचं एक वळण आहे, तिथे रस्ता एकदम पाच-सहा मजल्यांइतका खाली कोसळतो. साठच्या दशकातली गाडी तिथून उतरताना पोटात गोळा बघणाऱ्याच्या येतो. तिकीट रविवारच्या मानाने बरंच कमी, आणि त्याच तिकिटावर पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उघड्या करून मेकॅनिक राबत असतात त्या आवारातही फिरता येतं. तेलाचा वास, पान्यांचा आवाज, कार्ब्युरेटर जुळवताना होणारी कुरबुर. पैशाच्या मोबदल्यात सर्वांत जास्त पदरात टाकणारा दिवस कोणता, असं विचारलं तर हाच, यात फार वाद व्हायला नको.

‘जी जास्त चकचकीत, ती जिंकते’

बराच काळ हे खरं होतं, म्हणून हा समज मूर्खपणाचा म्हणता येत नाही. पण सुरुवात अशी नव्हती. पहिली काही वर्षं सर्वोच्च मान कोऱ्या, नाहीतर जवळपास कोऱ्या गाड्यांना मिळायचा. जुनी गाडी ही जपायची वस्तू आहे हे कोणाच्या डोक्यात नव्हतं. १९५५ मध्ये त्याच फिल हिलने आपल्या मावशीची १९३१ ची पीअर्स-ॲरो नीट करून आणली आणि तिने बाजी मारली. महायुद्धापूर्वीच्या गाडीला मिळालेला तो पहिला सर्वोच्च मान. (हिल पुढे १९६१ चा फॉर्म्युला वन विश्वविजेता झाला. मावशीची गाडी आणि विश्वविजेतेपद असा योग विरळाच.)

मग डागडुजीचं युग आलं, आणि डागडुजी पुढे अतिरेकाला गेली. कारखान्यातून निघताना नव्हती इतकी गुळगुळीत रंगकामं, सोनं भासावं असं क्रोम. त्याला शह बसला २०२४ मध्ये. त्या वर्षी ‘बेस्ट ऑफ शो’ ठरली १९३४ ची बुगाटी टाइप ५९. ग्रँड प्रीमध्ये धावलेली ही मोटार पुढे बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड याच्याकडे होती. काळ्या अंगावर पिवळा पट्टा, रंगाला तडे, आसनाचं चामडं झिजलेलं. तिला कोणी नव्याने रंगवलं नव्हतं. डागडुजी न केलेल्या, जशा आहेत तशा जपलेल्या गाड्यांच्या वर्गातून सर्वोच्च मानापर्यंत पोचलेली ती पहिलीच. वाड्याचं सागवानी दार पॉलिश करावं की त्यावरचे दोनशे वर्षांचे हातांचे डाग ठेवावेत, हा वाद ज्यांनी घरात घातला असेल त्यांना या निकालाचं वजन लगेच कळेल.

‘जिंकलं की पैसाच पैसा’

पेबल बीचला रोख बक्षीस नाही. फीत मिळते, चषक मिळतो. डागडुजीचे हजारो तास, बंद ट्रकचं भाडं, विमा, मेकॅनिकचा मुक्काम हे सगळं मालकाच्या खिशातून.

पैशाची गोष्ट लिलावांत घडते, आणि तिथल्या आकड्यांनी बघ्यांचे डोळे दिपतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मॉन्टरेत १९६२ ची फेरारी २५० जीटीओ पुकारली गेली. हातोडा पडला ४ कोटी ४० लाख डॉलरवर. घेणाऱ्याने प्रत्यक्षात मोजले ४ कोटी ८४ लाख ५ हजार, कारण लिलावकंपनीचं कमिशन वेगळं. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत नेहमी असलाच आकडा येतो. राखीव किमतीपर्यंत बोली न पोचल्याने मुकाट ट्रकमध्ये परत चढणाऱ्या गाड्यांची बातमी होत नाही, आणि त्या थोड्याथोडक्या नसतात. शिवाय पेट्रोल-तेल, गॅरेजचं भाडं, मिळत नाही म्हणून मुद्दाम घडवून घेतलेला एखादा सुटा भाग, यांचा हिशेब विक्रीच्या किमतीतून कोणी वजा करून दाखवत नाही.

पैशाबद्दलच्या समजाखेरीज भारतात शब्दांचाही घोळ आहे. इथे जुनी गाडी दिसली की ती ‘विंटेज’. ब्रिटनमधल्या जुन्या क्लबांच्या लेखी विंटेज म्हणजे १९१९ ते १९३० मधलीच. अमेरिकेच्या क्लासिक कार क्लबची ‘क्लासिक’ १९१५ ते १९४८ मधल्या निवडक गाड्यांपुरती. भारताच्या २०२१ च्या नियमांत मात्र पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षं झालेली आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी विंटेज ठरते. नोंदणीला २० हजार रुपये, नूतनीकरणाला ५ हजार, मुदत १० वर्षं, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. ती रोज कामावर न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या टॅक्सीताफ्यातून पद्मिनी गेली. खाजगी मालकीच्या जुन्यात जुन्या पद्मिनी आता पन्नाशी गाठू लागल्या आहेत. म्हणजे काल भंगारात काढायची गाडी उद्या कायद्याने वारसा.

राहिला शेवटचा समज, की यंत्रातलं काही कळत नसेल तर जाऊन उपयोग नाही. यंत्र न कळणारा माणूस बहुधा बरे प्रश्न विचारतो. ही गाडी पहिल्यांदा कोणी घेतली? तुमच्याकडे कशी आली? मालक बहुतेक वेळा गाडीपाशीच खुर्ची टाकून बसलेला असतो, आणि त्याच्याकडे जुने फोटो, पावत्या, पत्रं यांची जाडजूड फाइल असते. हात लावायचा नाही, आधी विचारायचं, एवढं पथ्य पाळलं की तो तासभर बोलतो. २०१८ साली पेबल बीचला भारतातल्या संस्थानी मोटारींचा स्वतंत्र वर्गच होता. संस्थानांच्या काळातल्या महाराजांत इंदूरचे यशवंतराव होळकर मोटारींचे मोठे शौकीन. त्यांची ड्यूसेनबर्ग घ्या. चेसिस अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचा, त्यावर बॉडी चढवली लंडनच्या गर्नी नटिंगने, आणि मालक माळव्यातलं मराठी राजघराणं. इंजिन किती अश्वशक्तीचं, हा प्रश्न तिच्यापाशी कोणीही विचारील. इंदूरच्या रस्त्यांवर ती कोण चालवायचं, हे विचारलं की फाइल उघडते.