वसाहतीचे बंड आणि परराष्ट्राचा युद्धप्रवेश : अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील फ्रान्सची भूमिका

प्रस्तावना :
वसाहतीतील बंड हा तत्त्वतः मातृदेश आणि त्याचे प्रजाजन यांच्यातील अंतर्गत प्रश्न असतो. तरीही काही बंडांत तिसरे राष्ट्र शस्त्रानिशी उतरते. ते केवळ सहानुभूतीपोटी घडते काय? उत्तर अमेरिकेतील तेरा ब्रिटिश वसाहतींच्या उठावात (१७७५-१७८३) फ्रान्स कसा ओढला गेला, याचा विचार या प्रश्नाच्या संदर्भात उद्‌बोधक ठरतो.

पूर्वपीठिका :
सप्तवार्षिक युद्धानंतरच्या १७६३ च्या पॅरिस तहाने फ्रान्सने कॅनडा गमावला. या मानहानीचे शल्य फ्रेंच दरबारात कायम होते. त्यामुळे एप्रिल १७७५ मध्ये लेक्झिंग्टन येथे संघर्षाला तोंड फुटताच परराष्ट्रमंत्री व्हर्जेन याने त्यात ब्रिटनला दुर्बल करण्याची संधी पाहिली. वस्तुतः सोळावा लुई हा निरंकुश राजा होता. बंडखोरांच्या प्रजासत्ताक विचारांशी त्याचे काहीच साम्य नव्हते.

गुप्त साहाय्य ते उघड मैत्री :
मे १७७६ मध्ये लुईने १० लाख लिव्हरच्या गुप्त साहाय्यास संमती दिली. नाटककार बोमार्शे याने उभारलेल्या नाममात्र व्यापारी पेढीमार्फत शस्त्रे व दारूगोळा रवाना झाला. मात्र उघड युद्धासाठी दोन अटी पूर्ण होणे आवश्यक होते. पहिली अट कायदेशीर होती. राजाच्या बंडखोर प्रजेशी तह करता येत नाही, राज्याशी करता येतो. ४ जुलै १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याने ही वाट मोकळी केली. दुसरी अट लष्करी होती. १७ ऑक्टोबर १७७७ रोजी साराटोगा येथे जनरल बर्गॉइनने शरणागती पत्करली, तेव्हा बंड टिकू शकते हे सिद्ध झाले. ६ फेब्रुवारी १७७८ रोजी फ्रान्सने व्यापार आणि संरक्षण असे दोन तह करून अमेरिकेचे स्वातंत्र्य मान्य केले. ब्रिटनच्या दृष्टीने ही मान्यताच युद्धास कारण ठरली.

युद्धाचा विस्तार :
१७७९ मध्ये जिब्राल्टरच्या आशेने स्पेन फ्रान्सच्या बाजूने उतरला; परंतु स्वतःच्या वसाहतींपुढे वाईट उदाहरण नको म्हणून त्याने अमेरिकेशी तह टाळला. भारतातही याचे पडसाद उमटले. सेंट ल्युबिन हा फ्रेंच हस्तक १७७७ मध्येच पुण्यास आल्याने मुंबईकर इंग्रज साशंक झाले होते. मार्च १७७९ मध्ये इंग्रजांनी फ्रेंचांचे माहे घेतल्याने हैदरअली दुखावला व १७८० मध्ये त्याने कर्नाटकावर स्वारी केली. १७८२ च्या सालबाईच्या तहात पोर्तुगीजांखेरीज अन्य युरोपीयांना पेशव्याच्या मुलखात वखारी घालू न देण्याचे कलम आले, त्यामागेही हेच फ्रेंच भय होते.

निष्कर्ष :
बंड स्वतःहून परराष्ट्राला युद्धात खेचत नाही. जुने वैर त्याला प्रवृत्त करते, गुप्त मदत त्याला गुंतवते, बंडखोरांचा विजय त्याला धीर देतो आणि मान्यता परतीची वाट बंद करते. यॉर्कटाउनचा विजय (१७८१) फ्रेंच आरमाराविना अशक्यप्राय होता. परंतु त्याची किंमत फ्रेंच तिजोरीने मोजली. युद्धामुळे नवे कर्ज घेतल्यास राज्य डबघाईला येईल, हा अर्थमंत्री तुर्गोचा इशारा डावलला गेला होता. कर्जाच्या याच ओझ्याने १७८९ मध्ये लुईला एस्टेट्स जनरल बोलावणे भाग पडले. परक्याच्या बंडात शत्रूचे नुकसान मोजणाऱ्या सत्तेने स्वतःचा खर्च मात्र मोजला नव्हता.