चोवीस कोपरे

सकाळी ६:४५

शटर अर्धं वर केलं की आधी खिडकी उघडायची, मग दिवा. लाकडाचा दोष दिव्याखाली लपतो. सकाळच्या तिरक्या उन्हात मात्र तो सावली टाकून उभा राहतो, म्हणून तपासायचं काम मी या वेळेला ठेवतो.

आज बालवाडीची सहा टेबलं पुरी करायची आहेत. बुटकी, मुलांनी मांडी घालून भोवती बसायची. प्रत्येक माथा चार बाय दोन फुटांचा, १८ मिलिमीटरचं रबरवुड. रबराच्या झाडाचा चीक आटला की केरळातल्या मळ्यांत ती झाडं तोडतात आणि त्यांच्याच पट्ट्या जोडून हे बोर्ड होतात. सागाच्या मानाने बरेच स्वस्त, रंगाने फिके, कानशीला सोशिक. आठ बाय चारच्या दोन बोर्डांतून आठ माथे निघाले. सहा कामाचे, एक पुढच्या कुणासाठी आणि एक आज चुका करायला.

सहा टेबलं म्हणजे चोवीस कोपरे. पाय, जोड, पॉलिश हे सगळं हाताच्या सवयीचं आहे. मला धास्ती आहे ती चोवीस कोपरे एकसारखे होण्याची. गेल्या साली याच बालवाडीला मी एक टेबल दिलं होतं. त्याचे कोपरे नजरेने घासले होते. चौघं चार घरचे निघाले. एक तर इतका टोकदार राहिला की एका पोराच्या कपाळाला खोक पडली. बालवाडीच्या ताई भांडल्या नाहीत. या खेपेला ऑर्डर देताना त्यांनी फक्त हातातली एक बांगडी काढून माझ्या बाकावर ठेवली आणि म्हणाल्या, “एवढे गोल करा, मिस्त्री. सगळेच्या सगळे.”

७:००

बांगडी दोन-चारची. म्हणजे आतला व्यास दोन इंच आणि वर एका इंचाचे चार सोळांश, सव्वादोन इंच. मिलिमीटरमध्ये सत्तावन्न आणि वर केसभर. त्रिज्या झाली साडेअठ्ठावीस. बांगडीवाल्यांचं हे सोळांशांचं गणित आमच्या टेपवर तंतोतंत उतरतं, याचं मला दरवेळी कौतुक वाटतं.

बरेच जण कोपऱ्यावर वाटी नाहीतर दहा रुपयांचं नाणं ठेवून रेघ मारतात. नाण्याला माझं काही म्हणणं नाही. त्याचा व्यास २७ मिलिमीटर, म्हणजे साडेतेराची गोलाई मिळते आणि छोट्या डब्याला ती छान दिसते. पण चोवीस वेळा नाणं ठेवायचं म्हणजे चोवीस वेळा ते सरकायची संधी द्यायची. नाण्याची कड दोन्ही बाजूंना नेमकी टेकली नाही, तर गोलाई सुरू होते तिथे बारीकसा खांदा राहतो. डोळा अख्खी गोलाई मापत नाही. सरळ कड संपून वळण सुरू होतं ना, त्या जागेवर तो बोट ठेवतो.

म्हणून फर्मा. आणि फर्म्यावर कोपरा एकदाच आखायचा.

७:१५

बारा मिलिमीटर प्लायचा नऊ इंचांचा चौकोनी तुकडा. एका कोपऱ्यापासून दोन्ही कडांवर साडेअठ्ठावीसच्या खुणा केल्या, गुण्या लावून आत रेघा ओढल्या. त्या जिथे भेटल्या तिथे परकाराचं टोक. परकार वडिलांचा आहे. त्याचा स्क्रू ढिला झालाय, तरी खंडेनवमीला पहिलं कुंकू त्यालाच लागतं.

गोलाई कापताना मी लगेच वळणावर जात नाही. आधी पंचेचाळीस अंशांत कोपरा उडवतो. किती उडवायचा, त्याचं एक माप आहे: त्रिज्येला ०.५८६ ने गुणायचं. साडेअठ्ठावीसला १६.७ येतात. मी साडेसोळावर खूण करतो. कोपऱ्यापासून दोन्ही कडांवर तेवढं अंतर घेऊन तिरकी रेघ मारली, की ती गोलाईला अगदी चाटून जाते. त्या रेघेवर करवत चालवली तर बहुतेक फालतू लाकूड एका कापात जातं आणि गोलाईला धक्का लागत नाही. उरतात दोन बोथट कोन. तेही तसेच उडवले की कानशीला फारसं काम राहत नाही.

फर्म्याला पाऊण तास गेला. भाचा आला तेव्हा मी त्याच एका कोपऱ्यावर वाकलेलो होतो.

“मामा, अजून पहिलाच?”

“पहिलाच. बाकीचे याच्या मागून येतील.”

पेन्सिलीने मी गोलाईच्या कडेवर सगळीकडे गिचमिड केली आणि सपाट ठोकळ्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून हलक्या हाताने फिरवला. उंचवटे होते तिथलं शिसं गेलं, खोलगट होतं तिथे राहिलं. दोन ठिकाणी राहिलं. आजूबाजूचं उतरवलं, पुन्हा गिचमिड, पुन्हा हात. तिसऱ्या खेपेला सगळं एकदमच पुसलं गेलं. या तपासणीला एक पेन्सिल लागते, बाकी काही नाही.

मग फर्म्याच्या दोन्ही सरळ कडांना खाली लोंबतील अशा पट्ट्या ठोकल्या, वळणापासून दोन इंच मागे. आता फर्मा कुठल्याही कोपऱ्यावर ठेवून दाबला की पट्ट्या कडांना टेकतात आणि तो आपोआप जागेवर बसतो. मोजायचं काम संपलं.

८:१५

चहा. भाच्याने नुकतीच आयटीआय केली आहे आणि त्याला मशीन आवडतं. आमच्याकडे एक जुना ट्रिमर आहे. मोठ्या राउटरचा धाकटा भाऊ, एका हातात मावणारा. त्याला बेअरिंगवाला सरळ बिट लावला की बेअरिंग फर्म्याच्या कडेवरून फिरतं आणि पातं खालचं लाकूड हुबेहूब तेवढंच कापतं. फर्म्यात खड्डा असेल तर तोही इमानेइतबारे चोवीस वेळा उतरतो. सकाळचा पाऊण तास गेला तो याच भीतीने.

आज गुरुवार. गुरुवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज जाते. कधी जाणार ते आधी कळतं, कधी येणार ते नशिबात. साडेदहापर्यंत जेवढं उरकेल तेवढं मशीनवर.

८:३०

चुकांसाठी ठेवलेला माथा घेतला. भाच्याने जिगसॉने रेघेबाहेर दोन मिलिमीटर ठेवून कोपरा कापला, फर्मा मागच्या बाजूने शिकंज्यात आवळला आणि ट्रिमर चालवला. पहिला कोपरा लोण्यासारखा गेला. दुसऱ्याला ‘टक्’ असा आवाज झाला आणि नखाएवढी ढलपी उडून खिडकीवर आपटली.

बिटात दोष नव्हता. फळीसमोर उभं राहिलं की ट्रिमर डावीकडून उजवीकडे न्यायचा असतो, पात्याच्या फिरण्याच्या उलट. उलटा नेला तर तो हातातून पळतो. आता असं चारी बाजूंनी फिरताना दोन कोपऱ्यांवर आपण लांब कडेवरून आखूड कडेकडे वळतो. तिथे लाकडाच्या रेषा उताराला असतात, प्रत्येक रेषेला मागच्या रेषेचा आधार मिळतो. उरलेल्या दोन कोपऱ्यांवर आखूड कडेवरून लांब कडेकडे यावं लागतं. तो चढ. पातं रेषांच्या टोकांत घुसून त्या उचकटतं. त्रास देणारे हे दोन कोपरे कायम एकमेकांच्या तिरके समोर असतात. भाच्याला हे पुस्तकात सापडलं नव्हतं. ढलपी उडाल्यावर पटकन समजलं.

इलाज फुकटचा आहे. अशा कोपऱ्याला फळी उलटी करायची आणि फर्मा पाठीवर बसवायचा. चढ होता तिथे उतार होतो.

९:०० ते १०:३०

या दीड तासाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मास्क, भुसा, कानात आवाज. एका कोपऱ्याला, फळी उलटवण्यासकट, पाचेक मिनिटं. पहिली तीन टेबलं झाली, चौथ्याचे दोन कोपरे झाले. पंधराव्यावर फर्मा बसवला आणि ट्रिमर गप्प झाला. घड्याळात साडेदहाला दोन मिनिटं कमी. या बाबतीत वेळ चुकत नाही हो.

१०:४५

“आता?” भाचा म्हणाला.

कोपऱ्यात ६३ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा पडलेला होता, कुणाच्या तरी न्हाणीघरातून उरलेला. ६३ हा बाहेरचा व्यास. या पाइपची भिंत दोन मिलिमीटर, म्हणजे आतून ५९. हातभर लांब तुकडा उभा चिरला, आत ८० नंबरचा पॉलिश पेपर फेव्हिकॉलने चिकटवला. कागदाची जाडी धरून आतला व्यास राहिला ५८ च्या अलीकडे. ताईंची बांगडी सत्तावन्नाची. घासायचा साचा गोलाईपेक्षा केसभर मोठा हवा, तेवढाच होता. हा योगायोग नव्हता. ताईंनी बांगडी ठेवली त्याच दिवशी मी हा पाइप बघून ठेवला होता. दोन-सहाची बांगडी असती तर मी त्यांना दोन-चारवर आणलं असतं. त्रिज्या कागदावर ठरवून हत्यार शोधत हिंडण्यापेक्षा हाताशी जे आहे त्यावरून त्रिज्या ठरवलेली परवडते.

११:०० ते १:३०

हाताने दहा कोपरे. फर्मा ठेवून पेन्सिलीने गोलाई, साडेसोळाच्या खुणा, तिरका काप. मग उरलेले दोन कोन पटाशीने, तेही लांब कडेवरून आखूड कडेकडेच. नियम मशीनचा नव्हता, लाकडाचा आहे. मग दातेरी कानस. कानस पुढे ढकलताना मनगटाने जरा वळवावी लागते. नाहीतर वळणाऐवजी पैलू पडतात. ते डोळ्याला दिसत नाहीत आणि पॉलिश लावलं की आरशासारखे चमकतात.

शेवटी पाइप. दोन-तीन वेळा वर-खाली, मग अंगठ्याने दाबून किंचित फिरवत. पाइपचा एक दुर्गुण आहे. तो तिरका धरला तर कोपरा वरून बरोबर दिसतो आणि खाली आत जातो. म्हणून दर कोपऱ्याला गुण्या लावायचा. आणि पाइप फक्त शेवटच्या हातासाठी. घाईने त्यानेच लाकूड काढायला गेलं तर कागद फाटतो आणि भाचा दुसरा चिकटवत बसतो. सतराव्या कोपऱ्याला आमचं तेच झालं.

एकेका कोपऱ्याला चौदा-पंधरा मिनिटं लागली. मशीनच्या तिप्पट. पण गाळ्यात आवाज नव्हता, रस्त्यावरचा भाजीवाला ऐकू येत होता.

१:३०

डबा. भाकरी, पिठलं, ठेचा. भाच्याने विचारलं, गठ्ठा करून सगळे माथे एकदम घासले असते तर? चांगला प्रश्न. पाटांचे डझनभर तुकडे मी तसेच करतो: एकावर एक, दोन शिकंजे, एकच कानस. पाट आटोपशीर असतात. चार फुटांचे माथे गठ्ठ्यात आवळले की उचलायला तीन माणसं लागतात, आणि एक जरी सरकला तरी सगळ्यांचे कोपरे बिघडतात.

२:१५

वरच्या आणि खालच्या धारा मारल्या. मुलांचं कपाळ उभ्या गोलाईवर आपटतं तसं आडव्या धारेवरही आपटतं, हे लोक विसरतात. १२० चा कागद, मग १८०, मग २२०. आखूड कडेकडच्या लाकडावर २२० जरा जास्त वेळ चालवला. तिथली तोंडं उघडी असतात, पॉलिश पितात आणि काळी पडतात. तेवढ्यात पाय बसवायला भाच्याने घेतले.

४:३०

वीज आली. भाचा लगेच ट्रिमरकडे गेला. “मामा, हातचे दहा पण फिरवून घेऊ का?”

मी त्याला डोळे मिटायला सांगितले. सहाही माथे पुढे लावले आणि म्हटलं, बोट फिरव आणि हातचा कोणता ते सांग. पंधरावा त्याला मशीनचा वाटला. आठवा, जो मशीनचा होता, तो त्याने हातचा सांगितला. बिटाच्या बारीक लहरी कागदाने नीट गेल्या नव्हत्या, त्या त्याच्या बोटाला लागल्या. सतराव्यावर मात्र तो थांबला. बोट मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं.

“इथे काहीतरी आहे.”

मला माहीत होतं. कागद फाटला तेव्हा पाइपची कड लाकडाला लागली होती आणि करंगळीच्या नखाएवढी जागा सपाट झाली होती. जेवताना मी मनाशी ठरवलं होतं की ते टेबल भिंतीकडच्या बाजूला लावायला ताईंना सांगायचं.

तसं मी भाच्याला सांगितलं.

“भिंतीकडे कशी लावतील, मामा? पोरं टेबलाच्या चारी बाजूंनी बसतात.”

५:१०

खिडकीतून संध्याकाळचं तिरकं ऊन आलं होतं आणि सतराव्या कोपऱ्यावर ती सपाट जागा सावली टाकून उभी होती. मी पेन्सिल घेऊन गिचमिड केली. भाच्याने पाइपमधला जुना कागद ओरबाडून काढला आणि नवा चिकटवायला घेतला. ताईंची बांगडी अजून बाकावरच होती. भुशात हरवू नये म्हणून मी ती परकाराच्या पायात अडकवली आणि कानस उचलली.