लोणार सरोवराच्या तळाचे संशोधन आणि संवर्धन

लोणार सरोवर हे महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्यात लोणार गावाजवळ असलेले खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकावर उल्का आदळून तयार झालेल्या विवरात ते साठले आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, तर काठापासून खोली सुमारे १५० मीटर आहे. १८२३ मध्ये ब्रिटिश अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी या स्थळाची नोंद केली. या सरोवराचे महत्त्व त्याच्या पाण्याइतकेच तळाशी साचलेल्या गाळातही आहे.

तळाचे संशोधन

हे विवर ज्वालामुखीमुळे तयार झाले असावे, असा समज दीर्घकाळ होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकी संशोधकांनी तळाशी छिद्रे घेऊन केलेल्या अभ्यासातून हा प्रश्न सुटला. सुमारे १०० मीटर गाळाखाली तुटलेल्या बेसाल्टचा थर आढळला आणि त्यात मास्केलिनाइट सापडले. फेल्डस्पार खनिज आघाताच्या प्रचंड दाबाने न वितळताच काचेसारखे झाले की मास्केलिनाइट बनते; ज्वालामुखीच्या क्रियेत असे घडत नाही. हे निष्कर्ष १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १९७९ मध्ये या विवराला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा मिळाला.

विवराच्या वयाबाबत मतभेद आहेत. उष्मादीप्ती पद्धतीने ते सुमारे ५२,००० वर्षे, तर आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने सुमारे ५,७०,००० वर्षे ठरते.

गाळातील पावसाची नोंद

सरोवराला बाहेर जाणारा प्रवाह नाही. पावसाचे, झऱ्यांचे आणि ओघळांचे पाणी आत येते व केवळ बाष्पीभवनाने कमी होते. क्षार मागे राहत असल्याने पाणी खारे आणि तीव्र अल्कधर्मी आहे. त्याचा सामू १० च्या आसपास असतो. अवर्षणाच्या काळात क्षार इतके दाट होतात की गेलुसाइट हे खनिज स्फटिकरूपाने गाळात साचते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे १० मीटर लांबीच्या गाळाच्या नमुन्यातून गेल्या ११,००० वर्षांतील मोसमी पावसाचा इतिहास उलगडण्यात आला. गेलुसाइटचे थर सुमारे ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीच्या दीर्घ अवर्षणांची साक्ष देतात.

जीवसृष्टी

या पाण्यात मासे सहसा तग धरू शकत नाहीत. मात्र निळे-हिरवे जीवाणू व क्षारप्रिय सूक्ष्मजीव विपुल आहेत. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचे रंगद्रव्य असल्याचे आढळले. त्या वेळी पाण्याची पातळी घटून क्षारता वाढली होती.

संवर्धन

२००० मध्ये विवराच्या परिसराला वन्यजीव अभयारण्य घोषित करण्यात आले. नोव्हेंबर २०२० मध्ये सरोवराचा समावेश रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत झाला. नांदूर मधमेश्वरनंतर हा मान मिळवणारे ते महाराष्ट्रातील दुसरे स्थळ ठरले.

सामान्य तलावात गाळ काढणे व गोडे पाणी भरणे हे संवर्धनाचे उपाय मानले जातात. लोणारमध्ये मात्र हेच उपाय हानिकारक ठरू शकतात. जास्त गोड्या पाण्याने क्षारता घटते आणि तिच्यावर जगणारे सूक्ष्मजीव मागे पडतात. गाळ उपसल्यास हजारो वर्षांची पावसाची नोंद नष्ट होते. गावातील सांडपाणी आणि शेतातून वाहून येणारी खते पाण्याचे रसायन बदलतात, तर उतारांवर वेडी बाभूळ स्थानिक झाडांची जागा घेते. त्यामुळे सांडपाणी विवराबाहेर वळवणे, पाण्याची पातळी व क्षारता नियमित मोजणे आणि तळाच्या गाळाला धक्का न लावणे ही लोणारच्या संवर्धनाची मूलभूत सूत्रे ठरतात.