घसरणीची भीती आणि पंचांची शिट्टी

इंग्लिश प्रीमियर लीगच्या हंगामाचा शेवट जवळ आला, की फुटबॉलशौकिनांचे लक्ष विजेतेपदाइतकेच गुणतक्त्याच्या तळाकडेही लागते. कोणता संघ टिकणार, पेनल्टी क्षेत्रात कोसळलेल्या खेळाडूला खरोखरच धक्का लागला होता काय आणि पंचांनी नेमके काय पाहिले, हे चर्चेचे तीन ठरलेले विषय. वरवर वेगळे वाटणाऱ्या या तिन्ही वादांचे मूळ मात्र एकच आहे.

घसरणीची किंमत

या स्पर्धेत २० संघ प्रत्येकी ३८ सामने खेळतात आणि शेवटचे तीन संघ 'चॅम्पियनशिप' या खालच्या श्रेणीत ढकलले जातात. २०२३-२४ च्या हंगामात तळाच्या संघालाही लीगच्या तिजोरीतून १० कोटी पौंडांहून अधिक वाटा मिळाला होता. घसरण झाली की हे उत्पन्न आटते. धक्का सौम्य व्हावा म्हणून जास्तीत जास्त तीन वर्षे 'पॅराशूट' रक्कम दिली जाते, पण ती दरवर्षी घटत जाते. साहजिकच एका पेनल्टीचे मोल एका गोलापुरते राहत नाही.

पडण्याचे नाटक

पंचांना फसविण्यासाठी पडणाऱ्या खेळाडूला पिवळे कार्ड दाखवावे, असा नियम आहे. परंतु धक्का लागूनही उभा राहणाऱ्या खेळाडूला पेनल्टी क्वचितच मिळते, हा अनेक शौकिनांचा युक्तिवादही दुर्लक्षिण्याजोगा नाही. सामन्यात निसटलेल्या फसवणुकीसाठी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०१७-१८ पासून नंतर शिक्षा देण्याची तरतूद केली. नोव्हेंबर २०१७ मध्ये एव्हर्टनचा उमर नियास या नियमाखाली दोन सामन्यांची बंदी झालेला प्रीमियर लीगमधील पहिला खेळाडू ठरला. मात्र त्या पेनल्टीवर झालेला गोल कायम राहिला आणि तेव्हा तळाशी असलेल्या क्रिस्टल पॅलेसला २-२ अशा बरोबरीवर समाधान मानावे लागले. शिक्षा खेळाडूला झाली. हिरावलेले गुण परत मिळाले नाहीत.

गोंगाटाचा परिणाम

पंचांवरील दबाव ही केवळ पराभूतांची तक्रार नाही. ॲलन नेव्हिल व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४० पंचांना एका सामन्यातील ४७ प्रसंग चित्रफितीवर दाखविण्यात आले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, तर काहींना आवाजाविना. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाऊल दिले. मनात पक्षपात नसतानाही गोंगाटामुळे पंच कचरतात, असा त्याचा अर्थ.

संशयाचे राजकारण

२०१९-२० पासून व्हिडिओ साहाय्यक पंच, म्हणजे 'व्हीएआर', आले. चुका कमी करणे हा हेतू होता. दबाव मात्र मैदानातून पडद्यासमोरच्या खोलीतही पोहोचला. एप्रिल २०२४ मध्ये एव्हर्टनविरुद्ध २-० असा पराभव पत्करलेल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टने तीन पेनल्टी नाकारल्याची तक्रार करताना, व्हिडिओ पंच ल्युटन टाऊनचे चाहते असल्याचा जाहीर दावा केला. ल्युटन त्या वेळी फॉरेस्टच्या केवळ एका गुणाने मागे होता. आर्थिक नियमांच्या भंगाबद्दल फॉरेस्टचे चार गुण त्याआधीच कापले गेले होते. त्यामुळे एकेका गुणासाठी जीव टांगणीला लागला होता.

तीनपैकी एक पेनल्टी द्यायला हवी होती, असे मत नंतर स्वतंत्र समितीने दिले. म्हणजे तक्रार सर्वस्वी निराधार नव्हती. परंतु निर्णय चुकला असे म्हणणे वेगळे आणि निर्णय देणाऱ्याच्या सचोटीवर शिंतोडे उडविणे वेगळे. ऑक्टोबर २०२४ मध्ये फॉरेस्टला साडेसात लाख पौंडांचा दंड झाला. तोपर्यंत ३२ गुणांसह फॉरेस्ट टिकला होता आणि २६ गुणांवर ल्युटनची घसरण झाली होती.

पंचांच्या चुका यापुढेही होतील. तंत्रज्ञानाने त्या कमी होतील, संपणार नाहीत. एका गुणावर क्लबचे कोट्यवधींचे उत्पन्न अवलंबून असेपर्यंत खेळाडू पडत राहतील, क्लब संशय घेत राहतील आणि गॅलरीतून ओरडाही होत राहील. चुकीबद्दल जाब जरूर विचारावा. पण शिट्टी वाजविणारा माणूस निर्भय राहिला नाही, तर उद्या घसरणीच्या छायेतील कोणत्याच संघाला न्याय मिळणार नाही.